वेदना सोसण्यासाठी नसते

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्करोगाविषयी बोलावयाचे म्हटले की तंबाखू सोडा, तोंडात न भरणारा व्रण दिसताच तपासणी करून घ्या, असे सांगण्यावर आपला भर असतो. ते योग्यच आहे. आज मात्र मी त्यापुढील एका टप्प्याविषयी बोलणार आहे. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार पूर्ण झाले, रुग्णालयाने घरी जाण्याची परवानगी दिली आणि रुग्ण आपल्या गावी परतला. त्या दिवसापासून त्याच्या वेदनेची काळजी कोणी वाहावयाची? बहुतेक घरांत ती एकाच व्यक्तीवर येऊन पडते. रुग्ण पुरुष असेल तर पत्नीवर आणि रुग्ण स्त्री असेल तर पतीवर. या व्यक्तीला त्या कामाचे शिक्षण कोणी दिलेले नसते. तिला रजा नसते, बदली नसते आणि पुष्कळदा विचारपूसही नसते.

हा विषय केवळ डॉक्टरांच्या सभेत मांडण्याचा नाही. आपण गावच्या कारभारात आहात, शाळेत आहात, कार्यालयात आहात. अशा घराची ओसरी आपल्या रोजच्या वाटेवर असते. म्हणूनच तो आपल्यापुढे मांडण्याचे मी ठरविले.

हे दुखणे कोठून येते?

भारतातील पुरुषांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत मुखाचा कर्करोग अग्रस्थानी आहे. जीभ, गाल, हिरड्या, घसा आणि स्वरयंत्र यांचे कर्करोग एकत्र धरले तर हा भार आणखी वाढतो. त्याचे मुख्य कारण आपणा सर्वांस ठाऊक आहे. चुना लावून मळलेली तंबाखू, गुटखा, मावा, विदर्भातील खर्रा, आणि स्त्रियांच्या बाबतीत दात घासण्याच्या निमित्ताने लागलेली मिशरी. नुसती सुपारीदेखील निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखू नसलेल्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे.

या रोगावर शस्त्रक्रिया करतात. तीत गाठीसोबत जबड्याचा, जिभेचा वा गालाचा काही भाग आणि मानेतील गाठी काढाव्या लागतात. त्यानंतर अनेकांना किरणोपचार घ्यावे लागतात. बोलीत त्यांना ‘शेक’ म्हणतात. आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे साधारणतः सहा ते सात आठवडे हा क्रम चालतो. काहींना सोबत केमोथेरपीही देतात.

या उपचारांमुळे होणारी वेदना एका प्रकारची नसते आणि हे समजून घेणे जोडीदाराच्या दृष्टीने फार उपयोगाचे आहे. पहिला प्रकार तोंडाच्या आतील नाजूक आवरणाचा दाह. किरणोपचार सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड लाल होते, सोलवटते, व्रण पडतात. घोटभर पाणीही काचा गिळल्यासारखे वाटते. दुसरा प्रकार मज्जातंतूंच्या वेदनेचा. मान, कान, जबडा येथे आग होते, मुंग्या येतात, मधूनच विजेचा झटका बसावा तशी कळ येते. तिसरा प्रकार स्नायूंचा. मानेतील गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या स्नायूचा मज्जातंतू दुखावला जाऊ शकतो आणि मग हात वर करणे, सदरा घालणेही अवघड होते. जबड्याचे स्नायू आखडले की तोंड दोन बोटेही उघडत नाही. यांखेरीज काही रुग्णांत, किरणोपचारानंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी, जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊन हाड दुखू लागते. म्हणूनच किरणोपचार झालेल्या रुग्णाने कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय दात कधीही काढून घेऊ नये.

प्रत्येक प्रकारावरील औषध निराळे आहे. जखमेच्या दुखण्यावर जे औषध चालते, ते मज्जातंतूंच्या कळेवर पुरेसे चालेलच असे नाही. तिच्यासाठी गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन यांसारखी वेगळी औषधे आहेत. ‘फार दुखते’ एवढेच सांगितल्याने डॉक्टरांना पुरेसा बोध होत नाही. कोठे दुखते, कसे दुखते आणि केव्हा वाढते, हे सांगणारा कोणीतरी हवा. रुग्णाला पुष्कळदा बोलताच येत नाही. तेथे जोडीदार हाच त्याचा आवाज होय.

सर्वांत कठीण आठवडे घरी येतात

एक गोष्ट मी मुद्दाम सांगू इच्छितो, कारण ती माहीत नसल्यामुळे अनेक घरांत घबराट उडते. किरणोपचार संपले म्हणजे वेदना त्याच दिवशी थांबत नाही. शेवटच्या बैठकीनंतरही एक-दोन आठवडे दाह वाढत राहू शकतो. त्यानंतर तो हळूहळू उतरतो आणि बहुतेकांचे तोंड पुढील काही आठवड्यांत भरून येते. म्हणजे जोपर्यंत रुग्ण रोज रुग्णालयात जात होता, डॉक्टर आणि परिचारिका त्याला पाहत होत्या, तोपर्यंत वेदना चढत होती. ती शिगेला पोहोचते त्या वेळी मात्र तो घरी, शहरापासून दूर, एकट्या जोडीदाराच्या हवाली असतो.

‘उपचार संपले, आता बरे वाटेल’ अशी सर्वांची अपेक्षा असते. तसे घडले नाही की रोग उलटला, अशी समजूत होते. मग कोणी गावठी औषध सुचवितो, कोणी झाडपाल्याचा लेप आणतो, कोणी नवससायास सांगतो. किरणोपचाराने भाजलेल्या कातडीवर असा लेप लावणे अपायकारक आहे. जोडीदाराला आधीच कल्पना असेल की हे आठवडे कठीण जाणार आहेत आणि ते संपणारही आहेत, तर ती व्यक्ती डगमगत नाही. म्हणून रुग्णालयातून निघताना प्रत्येकाने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. वेदना किती दिवस वाढेल? औषधाची मात्रा पुरेशी नसेल तर काय करावयाचे? आणि रात्री-अपरात्री कोणत्या दूरध्वनीवर विचारावयाचे?

दोघांचे मौन

मित्रहो, औषधे उपलब्ध असूनही वेदना का टिकून राहते, याचे एक कारण घरातच असते. ते कारण प्रेमातून जन्मलेले असल्यामुळे ते सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

असे एक दाम्पत्य डोळ्यांसमोर आणावे. पतीच्या जिभेवर शस्त्रक्रिया झाली आहे. पत्नी विचारते, “अहो, दुखतंय का फार?” तो मान हलवून ‘नाही’ म्हणतो. तिला काळजी वाटू नये, शेजारून उसने घेतलेले पैसे पुन्हा गाडीभाड्यात जाऊ नयेत, आणि पुरुषाने कण्हावे तरी किती, असा त्याचा विचार असतो. इकडे डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पत्नी जपून ठेवते. ‘एवढ्या जबर गोळ्या रोज दिल्या तर सवय लागेल, पुढे खरेच लागतील तेव्हा काम करणार नाहीत,’ असे तिला वाटते. म्हणून चारऐवजी दोनच गोळ्या दिल्या जातात. तो वेदना लपवितो, ती औषध लपविते. दोघेही एकमेकांच्या भल्यासाठीच झटत असतात आणि त्या दोघांच्या मध्ये वेदना मात्र वाढत असते.

आपल्याकडे सोसणे हा गुण मानतात. दुष्काळ सोसला, कर्ज सोसले, तसे हेही सोसावे, अशी शिकवण आपल्या अंगात मुरली आहे. विशेषतः स्त्रीच्या सोसण्याचे तर कौतुकच होते. पण वेदना सोसल्याने जखम लवकर भरत नाही. उलट, दुखते म्हणून रुग्ण गिळत नाही. न गिळल्याने वजन घटते, अंगातील शक्ती जाते आणि गिळण्याचे स्नायू आपले काम विसरू लागतात. दुखते म्हणून तो जबड्याचा व्यायाम टाळतो आणि जबडा कायमचा आखडतो. दुखते म्हणून तो झोपत नाही. किरणोपचार चालू असताना वेदनेला कंटाळून काही रुग्ण मध्येच दिवस बुडवितात आणि असा खंड पडला तर रोग बरा होण्याची शक्यताच कमी होते. म्हणूनच वेदना शमविणे हा उपचाराचाच भाग आहे. ती रुग्णाची चैन नव्हे.

मॉर्फीनविषयीची भीती

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेवरील औषधांची तीन पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. सौम्य वेदनेसाठी पॅरासिटॅमॉलसारखी औषधे, मध्यम वेदनेसाठी त्याहून प्रभावी औषधे आणि तीव्र वेदनेसाठी मॉर्फीन. वेदना प्रथमपासूनच तीव्र असेल तर खालच्या पायऱ्यांवर वेळ घालविण्याचे कारण नाही, असे आजचे वैद्यक मानते. औषध शक्यतो तोंडाने किंवा नळीवाटे द्यावे आणि घड्याळाप्रमाणे द्यावे, हे या पद्धतीचे मर्म आहे. साध्या मॉर्फीनच्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. म्हणून पुढची गोळी वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी द्यावयाची असते. शेतात पाट फुटल्यावर बांध घालण्यापेक्षा तो आधीच मजबूत ठेवणे सोपे, तसेच हे आहे.

मॉर्फीन म्हणजे शेवटचे औषध, ते सुरू झाले म्हणजे माणूस गेला, ही समजूत चुकीची आहे. औषध वेदनेच्या तीव्रतेवर ठरते, आयुष्याच्या उरलेल्या दिवसांवर नव्हे. तोंड भरून आले, वेदना उतरली की डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करून ते बंदही करतात. मात्र ते आपल्या मनाने एकदम बंद करू नये. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत घेतले असता व्यसन लागण्याचा धोका फार कमी असतो. पूर्वी कोणाला दारू वा इतर व्यसन असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे ते अधिक लक्ष ठेवतात.

औषधाचे दुष्परिणाम आहेत आणि ते जोडीदाराला ठाऊक असले पाहिजेत. पहिले काही दिवस गुंगी व मळमळ असते. ती बहुधा कमी होते. बद्धकोष्ठ मात्र कमी होत नाही. म्हणून मॉर्फीनसोबत पोट साफ होण्याचे औषध रोज द्यावेच लागते. रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास मंद झाला असेल, तर पुढची मात्रा न देता तत्काळ रुग्णालयाशी संपर्क साधावा. दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी कधीही कुटून नळीतून देऊ नये. सर्व औषध एकदम अंगात उतरून धोका होतो. नळी असल्यास तसे सांगून पातळ औषध वा योग्य गोळी मागून घ्यावी. कातडीवर चिकटवावयाच्या औषधी पट्टीला ऊब वा शेक लागू देऊ नये. गोळ्या कुलपात, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात, त्यांची मोजदाद असावी आणि उरलेल्या गोळ्या रुग्णालयास परत कराव्यात. मेडिकलच्या दुकानातून मनानेच दुखण्याच्या दुसऱ्या गोळ्या आणून त्यांत भर घालू नये. केमोथेरपी झालेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडांना त्यांपासून अपाय होऊ शकतो.

येथे अधिकारी मित्रांसाठी दोन शब्द. मॉर्फीन अफूपासून बनते आणि मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे शासनाच्या परवान्याने अफूची शेती होते. ज्या देशात हे पीक निघते, त्याच देशात १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर रुग्णांना मॉर्फीन मिळणे दुरापास्त झाले. अनेक परवाने आणि कठोर शिक्षेची भीती यांमुळे रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले आणि पुढील सुमारे बारा वर्षांत त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. २०१४ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फीनसह काही औषधे ‘अत्यावश्यक’ ठरविण्यात आली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवण्यासाठी देशभर एकसारखे नियम लागू झाले. कायद्याची अडचण बरीचशी दूर झाली आहे. मनातील भीती दूर व्हावयाची आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळालेली गोळी रुग्णाच्या घरी असणे हा अपराध नाही, हे गावच्या पोलीस पाटलापासून सर्वांना माहीत असणे अगत्याचे आहे.

जोडीदाराने काय करावे?

पहिले काम म्हणजे विश्वास ठेवणे. वेदना मोजण्याचे यंत्र नाही. रुग्ण सांगतो तेवढी ती असते. ‘काल तर बरे होते’ किंवा ‘शेजारच्याला एवढे दुखले नाही’ ही वाक्ये तोंडातून काढू नयेत.

दुसरे काम नोंदीचे. शाळेची एक साधी वही घ्यावी. रुग्णाला शून्य ते दहा या अंकांत वेदना सांगावयास शिकवावे. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पनेतील सर्वांत मोठी. बोलता येत नसेल तर तो बोटे दाखवील. अंक, वेळ, दिलेली गोळी, एका तासानंतरचा अंक, किती खाल्ले, शौच झाले की नाही, एवढे रोज लिहावे. पत्नीला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारी मुलगी लिहील. ही वही तपासणीच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवली की दोन मिनिटांत त्यांना आठवड्याचे चित्र दिसते. ‘कसे आहे?’ या प्रश्नाला रुग्ण भिडेखातर ‘बरे आहे’ म्हणतो. वही भीड धरीत नाही.

तिसरे काम तोंडाच्या निगेचे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालून त्याने दर दोन-तीन तासांनी हळुवार चुळा भराव्यात. पाणी रोज नवे करावे. ब्रश अगदी मऊ असावा. बाजारातील मद्यार्कयुक्त गुळण्यांची औषधे वापरू नयेत. तोंड बधिर करणारे औषध डॉक्टरांनी दिले असेल तर ते जेवणाआधी वापरावे, पण त्यानंतर अन्न फार गरम नाही ना, हे पाहावे. बधिर तोंडाला चटका कळत नाही. ठसका लागतो का, याकडेही लक्ष द्यावे.

चौथे काम अन्नाचे. ताटातील भाकरी गेली की आपल्याकडच्या माणसाला जेवण झाले असे वाटतच नाही. पण काही आठवडे तिखट, आंबट, कडक आणि गरम वर्ज्य. मऊ गुरगुट्या भात, मुगाचे पातळ वरण, दूध घातलेली नाचणीची खीर, शिरा, कुस्करलेले केळे, चालत असल्यास अंडे, हे थोडे थोडे आणि वरचेवर द्यावे. वेदनेची गोळी दिल्यानंतर तिचा परिणाम सुरू झाला की मग जेवू घालावे. नळीने अन्न देत असाल तर रुग्णाला उशांचा आधार देऊन बसते करावे, अन्न दिल्यानंतर निदान अर्धा तास आडवे होऊ देऊ नये आणि प्रत्येक वेळी नळी पाण्याने स्वच्छ करावी. नळी म्हणजे पराभव नव्हे. तोंड भरून येईपर्यंतचा तो पूल आहे.

पाचवे काम व्यायामाचे. तोंड उघडण्याचे आणि खांद्याचे व्यायाम शिकवून दिलेले असतात. गोळीचा परिणाम असताना ते करवून घ्यावेत. मध्ये दटावणे नको आणि दयाही नको, फक्त नेम हवा.

सहावे काम बोलण्याचे. रुग्णाच्या उशाशी पाटी-पेन्सिल किंवा वही ठेवावी. त्याला लिहून होईपर्यंत थांबावे, त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. ज्याने आयुष्यभर गावच्या बैठकीत शब्द टाकला, त्याला खुणेने पाणी मागावे लागते, ही वेदनाही लहान नाही. लंडन येथे १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर रुग्णसेवागृह उभारणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली. शरीराचे दुखणे, मनाचे दुखणे, कुटुंबाची व पैशाची विवंचना आणि ‘हे माझ्याच वाट्याला का?’ हा प्रश्न, हे सारे एकमेकांत गुंतलेले असते, असे त्या म्हणत. गोळीने शरीराची वेदना उतरते. उरलेल्या वेदनेला माणूस लागतो.

पुढील लक्षणे दिसताच मात्र घरी थांबू नये. तोंडातून वा मानेतून रक्त येणे, श्वास घेण्यास त्रास, १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप, पाणीही न गिळणे, आणि बरे वाटू लागल्यावर पुन्हा नव्याने उठलेली किंवा वाढत जाणारी वेदना. या शेवटच्या लक्षणाची तपासणी व्हावयासच हवी. रुग्ण ‘आता जगण्यात काय राहिले’ असे म्हणू लागला तर तेही लक्षणच समजावे. त्याला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांना ते स्पष्ट शब्दांत सांगावे.

रुग्ण पत्नी असते तेव्हा

आतापर्यंतचे वर्णन पत्नीने पतीची सेवा करण्याचे झाले. पण मिशरी लावणाऱ्या कितीतरी भगिनी या रोगाला बळी पडतात. त्या वेळी घराचा गाडाच अडतो. ज्या पुरुषाने कधी चूल पेटविली नाही, त्याला वरण शिजवावे लागते, तोंडातील लाळ पुसावी लागते, जखम धुवावी लागते. हे काम स्त्रीचे, असे म्हणून ते सून वा मुलीवर ढकलण्याचा मोह होतो. पण आजारी पत्नीला आपल्या पतीच्या हाताने मिळालेला पाण्याचा घोट निराळाच असतो. तिच्या चेहऱ्यावर व्रण असतो, ओठ वाकडा झालेला असतो. ती आरशासमोर जाणे सोडते, आणि शेजारणीही तिला हळदीकुंकवाला बोलाविणे सोडतात. पतीने तिच्या तोंडाकडे पाहून बोलावे, तिच्यासोबत बाहेर पडावे. हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते, पण त्याचा गुण येतो.

सेवा करणाऱ्याची सेवा

सेवा करणारी व्यक्ती स्वतःची वेदना कोणाला सांगत नाही. रात्री दर चार तासांनी उठणे, दिवसा मजुरी बुडणे, गळ्यातील डोरले सोनाराकडे जाणे, आणि पहाटे डोळा लागला म्हणून स्वतःलाच दोष देणे, असे हे जिणे असते. महिन्या-दोन महिन्यांत तीही व्यक्ती खंगते. रात्रीची मध्यंतरीची गोळी टाळता यावी म्हणून झोपताना मात्रा कशी द्यावी, हे डॉक्टर ठरवून देऊ शकतात. तसे त्यांना विचारावे. आठवड्यातून निदान दोन रात्री दुसऱ्या कोणी जागावे. सेवा करणाऱ्याने वेळेवर जेवावे. त्याला कधी राग येतो, कधी ‘सुटलो तर बरे’ असा विचारही मनात येतो. असा विचार आला म्हणजे प्रेम आटले असे नाही. तो थकव्याचा आवाज असतो आणि त्यावर विश्रांती हाच उपाय आहे.

गाव काय करू शकते?

हे काम सरकारी रुग्णालयाचे, असे म्हणून थांबता येणार नाही. केरळमध्ये १९९३ साली कालिकत येथे डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे केंद्र सुरू केले. पुढे गावोगावचे स्वयंसेवक प्रशिक्षण घेऊन त्यात आले. २००८ मध्ये केरळ शासनाने या सेवेचे धोरण जाहीर केले आणि तेथील स्थानिक स्वराज्य संस्थांनी परिचारिकेच्या गृहभेटींची व्यवस्था उभी केली. रुग्णाला रुग्णालयात न आणता सेवा त्याच्या दारी नेली.

आपल्याकडेही पाया आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करुग्णांची सेवा करीत आहे. वांद्रे येथे १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झाले. असाध्य अवस्थेतील कर्करुग्णांसाठीचे ते देशातील पहिले सेवागृह होय. राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम २०१२ मध्ये आखण्यात आला. आयुष्मान आरोग्य मंदिरांतून द्यावयाच्या सेवांतही वृद्धांची काळजी आणि उपशामक सेवा यांचा समावेश आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या उपचारांस साहाय्य मिळते आणि उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णास व त्याच्या सोबत्यास रेल्वे भाड्यात सवलत आहे. सेवा आहे, पण ती मागणारा कोणी नाही, अशी पुष्कळ ठिकाणी स्थिती असते.

१९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींच्या विषयसूचीत आरोग्याचा अंतर्भाव केला. तेव्हा पंचायत सदस्यांना माझी विनंती अशी. आपल्या गावात अंथरुणाला खिळलेले किंवा वेदनेने त्रस्त असे किती रुग्ण आहेत, याची यादी आशा कार्यकर्तीच्या मदतीने करावी. जिल्हा रुग्णालयात उपशामक सेवेचा कक्ष कोणत्या दिवशी असतो आणि मॉर्फीन जवळात जवळ कोठे मिळते, हे विचारून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे. एका कुटुंबासाठी रुग्णालयात जावयाच्या दिवशी वाहन ठरवून द्यावे. रात्री जागणाऱ्यांची पाळी तरुण मंडळाने वाटून घ्यावी. गणेशोत्सवात जागरणे करणाऱ्यांना हे अवघड नाही. हा रोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एका घरात राहिल्याने पसरत नाही, हे ग्रामसभेत स्पष्टपणे सांगावे.

शिक्षकांनी वर्गातील त्या मुलाकडे लक्ष द्यावे. ज्याचे वडील बोलू शकत नाहीत, ज्याच्या आईचा चेहरा बदलला आहे, तो मुलगा एकाएकी अबोल होतो किंवा गैरहजर राहू लागतो. त्याच्या गैरहजेरीवर शेरा मारण्यापूर्वी एकदा त्याच्या घरी जाऊन यावे. कार्यालय-प्रमुखांनी कर्मचाऱ्याच्या रजेच्या अर्जातील ‘पत्नीच्या आजारपणासाठी’ हे शब्द नीट वाचावेत. तपासणीच्या दिवशी मिळालेली रजा आणि पुढे सरकलेली वैद्यकीय खर्चाची फाईल हीदेखील वेदनाशमनाचीच कामे आहेत.

कर्करोग प्रत्येक वेळी बरा करता येईल, असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. पण रोग बरा होवो वा न होवो, त्याची वेदना बहुतेक वेळा आटोक्यात आणता येते, हे आजचे वैद्यक निश्चितपणे सांगते. ती आटोक्यात येण्यासाठी औषध पोहोचले पाहिजे, ते घड्याळाप्रमाणे दिले गेले पाहिजे आणि देणारा हात थकून गळून पडता कामा नये. यांतील पहिले काम शासनाचे, दुसरे जोडीदाराचे आणि तिसरे आपणा सर्वांचे आहे. उद्या आपापल्या गावी परतल्यावर ती यादी करावयास घ्यावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.